डग्ग्याची जागा

आमच्या चाकणात ‘बेस’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. तिला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो. रे डॉल्बी या गृहस्थाने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटालाच देऊन टाकलं. त्यामुळे घरच्या स्टिरिओला सबवूफर जोडायचा असं मी जाहीर केल्यावर हिने एवढंच विचारलं, “वरात कुणाची?”

मला वरात नको होती, डग्गा हवा होता. माझे स्पीकर पुस्तकांच्या कपाटात मावणारे. त्यांतून तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा अर्ध्यात विरतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झवर बोलते. तिथे छोट्या स्पीकरला धाप लागते. तार ऐकू येते, कारण तिच्या वरच्या स्वरांवरून कान उरलेलं जुळवून घेतो. तिचं वजन मात्र अंगाला लागत नाही.

दुकानदाराने बारा इंची खोकं पुढे केलं. “साहेब, भिंत हलेल.” भिंत हलू नये म्हणून तर मी आलो होतो. मी दहा इंची घेतला, तोही बंद पेटीचा. भोक असलेल्या पेटीतून तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका मिळतो. सिनेमातल्या स्फोटांना ती बरी. पण डग्ग्यावर मनगट सरकलं की जो घिस्सा उमटतो, तो मला बंद पेटीतून जास्त नेटका वाटतो. माझ्या जुन्या अँप्लिफायरला सबसाठी वेगळी जोडणी नाही, म्हणून स्पीकरच्याच वायरी आत घेणारा सब निवडला.

आणला आणि सगळे ठेवतात तसा कोपऱ्यात ठेवला. एकच स्वर फुगू लागला; बाकीचे त्याच्यामागे दडले. दोष सबचा नव्हता, हॉलचा होता. आमचा हॉल दहा बाय पंधरा. दहा फुटांत साधारण ५६ हर्ट्‌झची अर्धी लाट नेमकी मावते. ती दोन्ही भिंतींशी फुगते आणि मधोमध बसलात तर जवळजवळ नाहीशी होते. लांबीचं गणित आणखी वेगळं. कोपऱ्यातला सब हे सगळे स्वर एकदम उठवतो, आणि आमचा सोफा भिंतीला टेकलेला!

यावर एक जुना उपाय आहे. सब उचलून आपल्या बसायच्या जागी, म्हणजे सोफ्यावर ठेवायचा, विलंबित ठेका लावायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे डग्गा सगळ्या स्वरांत सारखा ऐकू येईल, तिथे सब मांडायचा. मी रांगत असताना आई देवघरातून बाहेर आली. “पुन्हा बारसं करायचं का तुझं?”

जागा सापडली ती नेमकी मनीप्लांटच्या कुंडीची. कुंडीचं पुनर्वसन हा या सगळ्या कामातला सर्वांत अवघड टप्पा.

पुढचं अर्ध्या तासाचं. साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून सबची वरची मर्यादा ठरवणारा क्रॉसओव्हर तिथे ठेवला. तो १२० वर नेला तर बुवांचा खर्ज कुंडीच्या जागेवरून येऊ लागला. फेजचं बटण लेकीने शून्य आणि १८० असं खालीवर केलं; ज्या बाजूला डग्गा भरीव झाला, ती बाजू कायम. आवाज वाढवत नेला आणि सब वेगळा ओळखू येताच थोडा मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी खालच्या काकू जिन्यात भेटल्या. “रात्री मिक्सर लावता का हो?” जमिनीखालचा हादरा चाकणला नवा नाही, १६६० साली शाएस्ताखानाने संग्रामदुर्गाच्या बुरुजाखाली सुरुंग उडवला होता. पण फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला जवळपास दोन महिने लढवला होता; काकूंनी दोन रात्रीसुद्धा का सोसावं? एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला असलेला मित्र मदतीला आला. तिथे मशीनखाली घालतात तसले जाड रबरी पॅड त्याने आणून दिले. चार पायांखाली चार घातले आणि काकूंच्या मांडणीवरची भांडी गप्प झाली. रबराने लादीतून जाणारा धक्का अडतो, हवेतून जाणारा अडत नाही. म्हणून दहानंतर सब बंद, असा काकूंशी तह आहे.

परवा तो मित्र फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी आला. दिवसभर प्रेसचे ठोके ऐकलेले कान. चहा झाला, अर्धा तास गाणं चाललं. मग कुंडीच्या जुन्या जागेकडे बघत म्हणाला, “अरे, तो सबवूफर लाव ना आता.”

मी उठून तो बंद केला.

“आता डग्गा कुठे गेला?” त्याने विचारलं.