पहिली लोंबी

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वसईत आगेऱ्याचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये जातात, फादर आशीर्वाद देतात आणि त्यातली एखादी लोंबी घरी येते. गेल्या वर्षीची आमच्या क्रुसाशेजारी अजून खोचलेली आहे. दाणे चिमण्यांनी कधीच टिपले, उरलीय ती धुळकट काडी. तिच्याकडे पाहिले की माझा हिशेब गडबडतो. नांगरणी आपली, आवणी आपली, चिखलात वाकून मोडलेली कंबरही आपली. मग दाण्यात दूध भरले कुणी? आयुष्याचेही तसेच. जन्म कुणी अर्ज करून घेतला नाही, श्वासाचे भाडे कुणी भरले नाही. फुकट मिळाले म्हणून उधळावे, की हरवेल म्हणून ट्रंकेत कुलूप लावून ठेवावे? अशा वेळी मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. सारे सोडून द्यायला तेवढे कारण पुरे होते. पण निराधार बायकामुलींसाठी त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनचा संसार चालू राहिला आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे कामही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तोवर हातातले बियाणे पेरून झाले होते. देवाला लोंबीची भूक नसते. ती नेऊन देताना आपली मूठ उघडते, एवढ्यासाठीच आगेरा.