खाडीची खतावणी

दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ओहोटीच्या वेळी उभे राहिले, तर पाण्यापेक्षा चिखलच अधिक दिसतो. तो कोणालाही नकोसा वाटावा. मलाही पुष्कळ वर्षे वाटे. परंतु कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ज्यांच्या दानांची नोंद आहे, ते कल्याणचे व्यापारी याच काठावरचे. १८५४ मध्ये येथे आगगाडी आली आणि मालाने वाट बदलली. धक्का ओस पडला. खाडीचे काम मात्र थांबले नाही.

ते काम पाहायचे तर तिवराचे झाड पाहावे. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवर आपली श्वसनमुळे खुंट्यांसारखी वर काढतो. मुळांतून आत आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. त्या खुंट्यांत भरतीचे पाणी अडखळते, मंदावते आणि गाळ खाली बसतो. गळलेली पाने खेकडे कुरतडतात, उरलेल्यांना डोळ्यांना न दिसणारे जीव कुजवितात, आणि त्या अन्नावर कोळंबी व माशांची पिल्ले पोसली जातात. सूक्ष्म जीवांचा विचार आपल्या घरांत लहानपणापासून शिकविला जातो. चिखलाच्या चिमटीत त्यांची केवढी वस्ती असते, हे मात्र मला फार उशिरा समजले. गाळ साचत साचत जमीन उंचावते, भरती तेथवर क्वचितच पोहोचू लागते आणि तिवराची जागा हळूहळू दुसऱ्या वनस्पती घेतात. ज्याने जागा तयार केली, तोच तेथून हटतो. हा बदल कोणी घडवून आणावा लागत नाही.

आपण घडविलेला बदल निराळा. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघते, वाटेतील शहरांचे सांडपाणी घेत कल्याणला येते. त्यातील नत्र आणि स्फुरद, म्हणजे शेतकरी विकत घेतो तेच खत, येथे फुकट वाहत असते. मोहने परिसरात उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरते ती त्यावरच. खाली सूर्यप्रकाश जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. पुढे खारे पाणी लागले की जलपर्णी मरते. खत मात्र संपत नाही. ठाणे खाडीतही चहूबाजूंच्या वस्तीचे सांडपाणी उतरते. तेथे त्याच खतावर शेवाळ वाढते आणि त्या शेवाळावर रोहित पक्षी येतात. चोच उलटी धरून ते पाणी गाळतात. त्यांचा गुलाबी रंगही या आहारातूनच येतो. १९९० च्या दशकापासून त्यांचे थवे दिसू लागले, २०१५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत खाडीचे नाव लागले. आनंद मलाही होतो. पण ही रक्कम जमेस धरताना नावे काय पडले, तेही पाहिले पाहिजे: ज्या खाडीत रोहितांची पंगत बसते, तेथील कोळ्याचे जाळे पूर्वीसारखे भरत नाही.

२६ जुलै २००५ आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि उल्हासचे पाणी कल्याणच्या पेठेत शिरले. आमच्या गोदामातील खालच्या दोन थरांतील कापड गेले. तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. पुराचे पाणी पसरून थांबावे यासाठी नदीला जी ओली, सखल जमीन लागते, तिच्यावर वर्षानुवर्षे भराव पडत आहे, हा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही.

यंदा दुकानाचे नूतनीकरण काढले. जुन्या फरश्या, विटा, फुटके प्लास्टर असा राडारोडा निघाला. ठेकेदाराने तो उचलला आणि आम्ही निश्चिंत झालो. आठवड्याने सहज विचारले, "तो कोठे टाकलात?"

"खाडीकडं, शेठ. तिथंच टाकतात सगळे."

उरलेले दोन ट्रक मी थांबविले. आधी गेलेले तीन तिवरांतच आहेत. परत उचलून आणण्याचा खर्च तो सांगणार आहे.