निळ्या खापराची साक्ष

विहीर खणताना वा घराचा पाया काढताना जुन्या खापराचा तुकडा हाती लागला, तर आपण तो सहजच बांधावर भिरकावून देतो. परंतु अशाच तुकड्यांनी आपल्या शेजारच्या भूमीचा विसरलेला इतिहास उजेडात आणिला आहे.

सिल्वासाच्या पश्चिमेस, उंबरगाव तालुक्यात, वारोळीच्या खाडीवर संजाण हे प्राचीन बंदर आहे. २००२ ते २००४ या काळात तेथे उत्खनन झाले. त्या वेळी चिनी भांड्यांच्या व काचेच्या तुकड्यांबरोबर इराक-इराणकडून गलबतांतून आलेली निळसर झिलईची खापरेही सापडली. हा निळा रंग झिलईत मिसळलेल्या तांब्याचा होय.

इराणी कुंभारांची कला पुढे याहूनही बहरली. बाराव्या-तेराव्या शतकांत काशान नगरी चित्रित भांड्यांसाठी विख्यात होती. तेथील कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली ही विद्या लिहून ठेविली: गारगोटीचे चूर्ण दहा भाग, काचेची भुकटी एक भाग, पांढरी माती एक भाग. झिलई देऊन भाजलेल्या भांड्यावर चांदी व तांबे यांच्या मिश्रणाने चित्र रेखीत आणि ते धुराने कोंदलेल्या भट्टीत पुन्हा भाजीत. तेथे प्राणवायू कमी पडल्याने धातूचा अतिसूक्ष्म थर मागे उरे आणि सोन्यावाचून सोन्याची झळाळी येई.

अशा दूरदेशीच्या वस्तू ज्या बंदरात उतरत, तेथे माणसे कशी नांदत होती? चिंचणी येथे मिळालेला इ. स. ९२६ चा संस्कृत ताम्रपट याचे उत्तर देतो. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार एक अरब मुसलमान पाहत असे. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे आहे. ते मुहंमद नावाचेच रूप असल्याचे विद्वान मानतात. त्याच्याच अमदानीत देवीच्या मठास जमीन दान दिल्याचे त्यात नमूद आहे. भिन्न धर्मांच्या शेजाऱ्यांनी सलोख्याने नांदावे, ही आपल्या किनाऱ्याची हजार वर्षांहून जुनी रीत आहे.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. असे झिलईदार खापर सापडल्यास ते भंगारवाल्यास वा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास देऊ नये. त्याचे खरे मोल ते कोठे, किती खोलीवर व कशासोबत मिळाले यात असते. सामान्यतः खालचा थर तितका जुना. जागेवरून उचललेला तुकडा मुका होतो. तेव्हा काम क्षणभर थांबवून ग्रामपंचायतीस वा पुरातत्त्व खात्यास कळवावे. मुलांनाही हे शिकवावे, कारण पुढची विहीर कदाचित तीच खणतील.