अंगठा पोहोचेल तिथे बटण हवे

सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीशेजारी आता क्यूआर कोडचा फलक दिसू लागला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२२पासून त्यात ‘स्कॅन अँड शेअर’ची सोय आली. मोबाइलने कोड स्कॅन करायचा, ‘आभा’ खात्यातील नाव-वय-पत्ता रुग्णालयाला पाठवायचा आणि टोकन घ्यायचे. नाव ओरडून सांगणे, ते चुकीचे लिहिले जाणे, पुन्हा सांगणे हे सगळे टळते. कल्पना चांगलीच आहे. पण फलकाजवळ पाहावे तर फोन मुलगा किंवा सून हाताळत असते आणि ज्याला तपासायचे तो रुग्ण बाकावर बसलेला असतो. एकटा आलेला रुग्ण मुकाट्याने खिडकीच्या रांगेत उभा राहतो.

याचे खापर लोकांच्या अडाणीपणावर फोडणे सोपे आहे. पण हीच माणसे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप सफाईने पाठवतात. तिथे माइकचे चिन्ह खाली उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याखालीच असते. दाबून धरा, बोला, सोडा. शिकवावे लागत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो. बोट जिथे न्यायचे ती जागा जितकी दूर आणि जितकी लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. २०१३मध्ये स्टीव्हन हूबर यांनी सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्यांची १,३३३ निरीक्षणे नोंदवली. स्क्रीनला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. ओपीडीत तर दुसरा हात मोकळा असणे कठीणच. त्या हातात फाइल असते, काठी असते, नाहीतर कडेवर मूल. उजव्या हातात फोन धरला तर अंगठ्याला सर्वांत लांब पडतो तो वरचा डावा कोपरा. अनेक ॲपमध्ये नेमक्या तिथेच तीन रेघांचा मेनू असतो आणि त्याच्या पोटात अपॉइंटमेंट, रिपोर्ट, औषधे अशी रोजची कामे दडवलेली असतात. पहिल्या पडद्यावर मात्र योजनेची सरकती चित्रे!

त्यात शरीराच्या अडचणी. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, म्हणून अक्षरे मोठी करावीत, तर कित्येक ॲपची मांडणीच बिघडते आणि ‘पुढे जा’चे बटण पडद्याबाहेर जाते. मराठी शब्द लांब असला की तो अर्धाच दिसतो. मधुमेहात बोटे बधिर होऊ शकतात, कंपवातात थरथरतात. टचस्क्रीन बोटाच्या त्वचेतून होणारा विद्युतभारातील सूक्ष्म बदल ओळखते. शेतात किंवा बांधकामावर राबून कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांना ती नीट दाद देत नाही. मग माणूस तीनदा दाबतो आणि एकाऐवजी तिसरेच काही उघडते. बटण निदान नऊ मिलिमीटरचे असावे, अशी गूगलची शिफारस आहे. ती पाळायला जास्तीचा खर्च येत नाही.

तर मग जे जास्त वापरले जाते ते जवळ आणि मोठे, इतका साधा नियम पुरेसा आहे का? आरोग्याच्या बाबतीत नाही. वॉर्डातल्या इमर्जन्सी ट्रॉलीत ॲड्रिनलिन हाताशी ठेवतात. ते रोज लागते म्हणून नव्हे, तर लागेल तेव्हा शोधायला वेळ नसतो म्हणून. निव्वळ वापराच्या आकडेवारीवर बटणे मांडली तर रुग्णवाहिकेचे बटण तळाला जाईल. कारण ते सहसा कोणी दाबतच नाही.

हे बटण कुठे असावे, यावर आपल्याकडे नियमही आहे. २०१६च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण बंधनकारक झाले. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवर बटण तीनदा झटपट दाबायचे. किती जणांना हे माहीत आहे? फोन हाती आल्यावर ते करून दाखवणारे कोणी नसते आणि खुणेशिवायची सोय ऐन वेळी आठवत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. पॉवर बटण पाचदा दाबले की आणीबाणीचा कॉल लागतो, अशी सोय अँड्रॉइडमध्ये आली. २०२३मध्ये ब्रिटनच्या पोलिसांना खिशातूनच चुकून लागलेल्या मूक कॉलचा पूर आवरेना. असा प्रत्येक कॉल तपासण्यात माणसे गुंततात आणि खरा कॉल ताटकळतो. म्हणून बटण हाताशी हवे, पण दाबल्यावर काही सेकंदांची उलटी मोजणी आणि रद्द करण्याची ठळक जागाही हवी. महाराष्ट्रात २०१४पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांना जोडणाऱ्या कोणत्याही ॲपला हे लागू आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेले आणि दृष्टिहीन नागरिक केवायसीच्या पडद्यावर अडत होते, त्यांच्या याचिकांवरचा हा निकाल आहे. आरोग्याचे ॲप स्वीकारताना सरकारी खात्यांनी याच निकालाचा आधार घेऊन एक अट घालायला हरकत नाही. साठीचे, एकटे आलेले, चष्मा घरी विसरलेले दहा-वीस रुग्ण खिडकीपाशी बसवावेत आणि कोणी न सांगता त्यांना टोकन काढता येते का, ते पाहावे. माझ्या मते वातानुकूलित दालनातल्या सादरीकरणापेक्षा अर्ध्या तासाची ही परीक्षा अधिक खरी आहे.

तोवर घरी करण्यासारखे थोडे आहे. आईवडिलांच्या फोनवर रोजची तीन-चार ॲप पहिल्या पडद्याच्या तळच्या ओळीत आणून ठेवा. सेटिंगमध्ये आपत्कालीन माहितीचा भाग शोधून त्यात रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि जवळच्या दोघांचे क्रमांक भरा. फोन कुलूपबंद असतानाही ती दिसेल, अशी परवानगी द्या. मग फोन लॉक करून ती खरोखर दिसते का, हे एकदा स्वतः पाहा. बेशुद्ध रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या फोनचा पासवर्ड सांगायला सोबत कोणी असेलच असे नाही.