जाहीर आवाहन : शिक्का नको, मदत हवी

नया नगर, मीरा रोड (पूर्व) येथील सर्व रहिवासी, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि दुकानदार यांस,



हल्ली रील्स पाहून कुणालाही ‘नार्सिसिस्ट’ (आत्ममग्न) ठरवले जाते. सेल्फीवेडा पुतण्या, हट्टी सासू आणि सोसायटीचा सेक्रेटरी तर हमखास! पण नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा १९८० पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत असलेला विकार आहे. त्यांनी सांगितलेल्या ९ लक्षणांपैकी किमान ५ तरुणपणापासून सातत्याने दिसली, तरच तज्ज्ञ हे निदान करतात.

कामाच्या ठिकाणी अशी व्यक्ती श्रेय स्वतःकडे घेते, चूक हाताखालच्यांवर ढकलते. साधी सूचनाही तिला अपमान वाटते. त्यातून नोकऱ्या सुटतात, भागीदाऱ्या मोडतात. घरी कौतुक कमी पडले की आदळआपट, नाहीतर अबोला. हळूहळू जोडीदाराला आणि मुलांना आपलेच चुकते असे वाटू लागते. त्या रुबाबाआड अनेकदा ठिसूळ स्वाभिमान आणि नैराश्यही असते.

म्हणून आमची विनंती :

१. निदान तज्ज्ञांवर सोपवा. आपण फक्त वागण्याबद्दल स्पष्ट बोला.

२. सोसायटी, दुकान वा कार्यालयाचे निर्णय एकाच्या लहरीवर सोडू नका. ते चर्चेने घ्या आणि लेखी ठेवा.

३. विकार हे छळाचे समर्थन नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. महिलांनी १८१ वर, तातडीच्या वेळी कुणीही ११२ वर फोन करावा. शेजाऱ्यांनी ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दार लावून घेऊ नये.

४. या विकारावर मुख्य उपचार संवादातून होणारा मानसोपचार हाच आहे आणि त्याला वेळ लागतो. ती व्यक्ती तयार नसेल, तर घरच्यांनी किमान स्वतःसाठी समुपदेशन घ्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ वर २४ तास मोफत आहे, मराठी-हिंदीतही बोलता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने थांबू नका.

पदाधिकाऱ्यांनी १४४१६, १८१ आणि ११२ हे तिन्ही क्रमांक आपापल्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर आजच लावावेत, ही आग्रहाची विनंती.

आपले,
नया नगरमधील काही रहिवासी