दुचाकीला बॅलन्सिंग लागत नाही?

टायरच्या दुकानांत एक समज इतका रुजला आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. बॅलन्सिंग ही मोटारीची गरज, दुचाकीला ते लागत नाही, असा तो समज. मोटारीला नवा टायर घातला की चाक लगेच यंत्रावर चढते. मोटरसायकलचा टायर मात्र रिमवर चढवायचा, हवा भरायची आणि चाक तसेच गाडीला लावून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे, हीच रीत पडली आहे. चाक अरुंद, वेग बेताचा आणि रस्ते असे की खड्ड्यांपुढे दहा-वीस ग्रॅमची काय मातब्बरी, असा हा पूर्वपक्ष आहे. तो ऐकायला सयुक्तिक वाटतो, पण साधी आकडेमोड केली तरी टिकत नाही.

१७ इंची रिमच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून सुमारे २२ सेंटिमीटरवर, एका बाजूला २० ग्रॅम वजन जास्त आहे असे धरू. टायरसकट चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाला हे जादा वजन चाकाला जेमतेम ६०० ग्रॅम भाराइतक्या जोराने बाहेर खेचते, आणि हातांना ते जाणवतही नाही. पण हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ला ते चौपट, म्हणजे अडीच किलोच्या आसपास जाते आणि १०० ला पावणेचार किलोच्या पुढे. शिवाय त्याची दिशा चाकाबरोबर फिरत राहते: वर, पुढे, खाली, मागे, ताशी ८० ला सेकंदाला जवळजवळ बारा वेळा. शहरात कधीच न जाणवलेला दोष पुणे-कोल्हापूर महामार्गावर तासभर एका लयीत गाडी चालवली की हँडलमध्ये का उतरतो, याचे उत्तर या वर्गात आहे. ‘माझी गाडी तर नीट चालते’ हा अनुभव खोटा नसतो; तो कमी वेगाचा असतो, इतकेच.

खड्ड्यांचा युक्तिवाद तर उलटाच लागू पडतो. खड्ड्याचा दणका मोठा असतो, पण त्यासाठीच सस्पेन्शन बसवलेले असते. फोर्क दबतो, दणका जिरतो, संपतो. असंतुलनाचा हिसका छोटा असतो आणि नेमके तेच त्याचे उपद्रवमूल्य. फोर्कच्या ऑइल सील आणि बुशमधले घर्षण ओलांडण्याइतकाही जोर त्यात पुष्कळदा नसतो. फोर्क हलतच नाही, आणि ती थरथर जणू सळईतून जावी तशी थेट हँडलपर्यंत पोचते. दुचाकीचे पुढचे चाक स्टिअरिंगच्या दांड्याभोवती डावी-उजवी थरथरण्याची जी प्रवृत्ती असते, तिची कंपनसंख्याही साधारण सेकंदाला ४ ते १० च्या घरात येते. ताशी ६० ला चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते. मध्यरेषेपासून जरा बाजूला असलेले जादा वजन या थरथरीला नेमक्या तालात चिथावणी देऊ शकते. खड्डा ही चिथावणी एकदा देतो, बिघडलेले चाक प्रत्येक फेऱ्याला.

दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच खोडून काढायला हवा: बॅलन्सिंग करायचे तर यंत्रावर, चाक फिरवून, हाताने केलेले ते काय खरे? बहुतेक दुकानांतले यंत्र मोटारीचे असते. दुचाकीच्या चाकाच्या मधल्या बारीक भोकासाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, तो नसतो, आणि मग यंत्राच्या नावाखाली कामच टळते. यंत्र जास्तीचे काय सांगते? चाकाच्या डाव्या आणि उजव्या कडेला किती वजन लावायचे, ते. मोटारीच्या रुंद चाकाला ते महत्त्वाचे. शंभर-सव्वाशे मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये दोन कडांतले अंतरच इतके कमी की मुख्य दोष गुरुत्वाकर्षणाच्या साह्याने सापडतो. १८० मिलिमीटरच्या मागच्या टायरला यंत्राचा फायदा होतो, हे मान्य. पण आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या त्या मापाच्या नाहीत.

हाताची पद्धत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. चाक गाडीवर ठेवून ते जमत नाही, कारण ब्रेक पॅड घासतात आणि मागे चेनचा ओढा असतो. चाकाच्या स्वतःच्या बेअरिंगवरही भरवसा ठेवू नये. त्यांच्या सीलचे घर्षण लहान फरक गिळून टाकते. चाकातून दांडा घालून, दोन्ही बाजूंनी कोन आवळून तो मोकळ्या, हलक्या बेअरिंगवर टेकवायचा. जुनी वजने आधी काढायची. चाक सोडले की जड बाजू खाली येऊन थांबते. बरोबर वरच्या बाजूला वजन तात्पुरते चिकटवायचे आणि चाक पाव फेरा फिरवून सोडायचे. कुठेही सोडले तरी चाक जिथल्या तिथे राहिले की वजन पक्के करायचे: अलॉयला पुसून कोरड्या केलेल्या रिमवर, शक्यतो मध्यरेषेवर किंवा दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे, तारांच्या चाकाला स्पोकच्या निपलवर. यासाठी लाखांचे यंत्र लागत नाही.

‘टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर ठेवला की झाले’ असेही सांगितले जाते. ठिपका टायरची हलकी जागा दाखवतो, आणि व्हॉल्व्ह ही रिमची जड जागा असते असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक नेहमी खरे नसते. ओतलेल्या रिमची जड बाजू भलतीकडे असू शकते. टायर काढलेला असतानाच रिकामी रिम तपासून तिच्या जड जागेवर खूण करावी आणि ठिपका तिथे आणावा. त्याने लागणारे वजन कमी होते, काम मात्र संपत नाही.

टायरमध्ये गोळ्या घातल्या की चाक आपला तोल आपण सांभाळते, हा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. चाकाच्या उड्यांची जी नैसर्गिक कंपनसंख्या असते, तिच्या वरच्या वेगालाच मोकळे वजन जड जागेच्या विरुद्ध बाजूला सरकते. तिच्या खाली ते जड बाजूकडेच गोळा होते. ही संख्या साधारणतः सेकंदाला दहाच्या पुढे असते. म्हणजे रोजच्या वापरातल्या वेगाला गोळ्यांची मदत होत नाही. पंक्चर रोखणाऱ्या द्रवाचा हेतूच वेगळा. उभ्या गाडीत तो तळाशी साचतो. पंक्चरसाठी तो घालावा, बॅलन्सिंगच्या बदल्यात नव्हे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. बॅलन्सिंग करूनही हँडल थरथरते अशी तक्रार येते, आणि कित्येकदा ती खरी असते. रिम आउट असेल, स्पोक ढिले असतील, टायर कडेला नीट बसला नसेल, कोनसेट खचला असेल, तर कितीही वजने चिकटवून उपयोग नाही. आधी चाकाचा आउट काढायचा, टायरच्या कडेवरची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी आहे का ते बघायचे, हवेचा दाब बरोबर करायचा, मगच दांड्यावर चढवायचे. या क्रमाने काम होते त्या दुकानात टायर बदलायच्या मजुरीतच बॅलन्सिंग धरलेले असावे, आणि गिऱ्हाइकाने चाक गाडीला लागण्यापूर्वी ते दांड्यावर फिरवून दाखवायला सांगावे.