शिक्षा झाली, मग हा बाहेर कसा?

सेशन्स कोर्टानं सात वर्षं सुनावली, माणूस हिंडलग्याच्या कारागृहात गेला आणि चार-सहा महिन्यांत गावच्या स्टँडवर चहा पिताना दिसला, की कट्ट्यावर एकच निष्कर्ष निघतो: ‘पैसे चारले असणार.’ पण बहुतेक वेळा तो सुटलेला नसतो. अपील चालू असतं, आणि तोवर शिक्षेला स्थगिती देऊन त्याला जामीन मिळालेला असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० मध्ये ही तरतूद आहे. जुन्या कायद्यातलं कलम ३८९ ते हेच. जामीन देताना वरच्या कोर्टाला कारणं लिहावी लागतात. अपील फेटाळलं गेलं तर परत आत जावं लागतं, आणि बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत.

खटल्याआधी आरोपी निर्दोष मानला जातो. दोष सिद्ध झाल्यावर ते कवच उरत नाही. तरी जामीन का? उत्तर कॅलेंडरात आहे. पाच वर्षांची शिक्षा आणि अपिलाचा नंबर लागायला सहा वर्षं, असं झालं तर निर्दोष ठरूनही काय उपयोग? तुरुंगात गेलेली वर्षं कुठलंच कोर्ट परत देऊ शकत नाही. कश्मीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच म्हटलं, की अपील वाजवी वेळेत ऐकता येत नसेल तर सबळ कारणाशिवाय माणसाला आत ठेवू नये. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत स्थगितीचा विचार उदारपणे करावा, असं १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात सांगितलं गेलं.

खुनाच्या शिक्षेत मात्र हात आखडता असतो. निकालात वरवर पाहताच दिसणारी खोट असेल, तरच सहसा दार उघडतं. जन्मठेप किंवा दहा वर्षांपासून पुढची शिक्षा असू शकणाऱ्या गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी द्यावीच लागते. तिथंही कॅलेंडर सुटत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयात तुंबलेल्या अपिलांबाबत २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दहा वर्षांहून अधिक काळ आत असलेल्यांना, खास अडचण नसेल तर, जामीन द्यावा.

शिक्षेला स्थगिती म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती नव्हे. राहुल गांधींना एप्रिल २०२३ मध्ये जामीन मिळाला, पण खासदारकी परतली ती ऑगस्टमध्ये दोषसिद्धी थांबल्यावर.

आता बेळगाव-खानापूरची गोष्ट. २००८ मध्ये धारवाडला खंडपीठ आलं म्हणून बेंगळूरची पायपीट वाचली, हे खरंच मोठं काम झालं. पण जबान्या बहुधा कन्नडमध्ये नोंदलेल्या, घरचे मराठी वाचणारे. आपल्याच खटल्यात काय लिहिलंय हे वकिलाला विचारावं लागतं. पुढं उताऱ्यासह जामीनदार शोधायचा. ऐपत असलेला महिन्यात बाहेर येतो. शेतमजुराचा पोरगा आदेश हातात असूनही जामीनदाराअभावी आत राहू शकतो. कट्ट्यावरचा राग खरं तर इथं निघायला हवा.

दुसरी बाजू फिर्यादीच्या घराची. ज्यानं मारलं तोच समोरून जातो, साक्ष दिलेल्या बाईला बाजारात तोच भेटतो. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडता येतं, असं लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. जामिनावर असताना धमकावलं, तर तो रद्द करायला सरकारी वकील अर्ज करू शकतात. त्यासाठी धमकीची तक्रार ठाण्यात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून परत आलेल्यांच्या हातात कोर्टात दाखवायला काही उरत नाही.